फिरकीचे तीन फोटो

फिरकी एका जागी बसायची नाही म्हणून ती फिरकी. पण सरकारी भत्ता हवा तर रोज सकाळी रोजगार केंद्राच्या वर्गात गप बसणं भाग होतं. तिथल्या मॅडम शिकवायच्या, आत्मविश्वास कसा आणावा. तो फिरकीकडे पोत्यानं होता. नव्हतं ते पोर सांभाळणारं माणूस. नवरा ट्रकवर, घरी यायचा तो पाहुण्यासारखा.

पोरीचं नाव चांगलं ठेवलेलं, पण सगळे भोंगाच म्हणत. ती रडायला लागली की तीन गल्ल्या पलीकडची कबुतरं बिऱ्हाड हलवायची, आणि कपातला चहा चमच्याशिवाय ढवळून निघायचा. पण केंद्राचं स्वतःचं पाळणाघर होतं. तिथं तिला ठेवून घ्यायचे, बिचारे.

मग फिरकीला इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी इस्त्री करायचं काम लागलं. मॅडमनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढला, खाली ‘यशस्वी माता’ लिहून भिंतीवर लावला. आणि त्याच दिवशी पाळणाघराचं दार बंद!

"ते वर्गातल्या आयांसाठी असतं गं," मॅडम लाडानं म्हणाल्या. "तू आता कमावती झालीस!"

पोर ठेवायचं कुठं? काम सुटलं, फिरकी परत वर्गात. पुन्हा काम, पुन्हा फोटो, पुन्हा दार बंद. असं करता करता भिंतीवर तीन फिरक्या हसायला लागल्या, दरवेळी जरा वाळलेल्या.

चौथ्यांदा फिरकी परस्पर धुलाईखान्यात गेली, तेव्हा तिथला मुकादम म्हणाला, "बाई, सोमवारी आलीस तर कायमची. नाही आलीस तर पुन्हा तोंड दाखवू नकोस."

फिरकी घरी येऊन सासूसमोर मटकन बसली. सासूच्या कानांनी कधीच राजीनामा दिलेला. समोरच्याचे ओठ बघून तिला बोलणं कळायचं, पण पोर पाठीमागे पडलं-झडलं तर पत्ता लागायचा नाही. तिच्या एकटीच्या भरवशावर भोंगाला ठेवायची सोय नव्हती.

"मीच बसते त्या वर्गात," सासू म्हणाली. "नात आपोआप पाळणाघरात."

"आई, या वयात नोकरी शोधणार तुम्ही?"

"शोधणार. मिळतेय कशाला!"

नियमात आईऐवजी ‘घरचं वडीलधारं’ चालत होतं. तोंडात दात किती असावेत, ते कुणी लिहिलं नव्हतं. सोमवारी सून इस्त्रीवर, सासू वर्गात, नात पाळणाघरात. पथ्य एकच, सासूनं नोकरी मिळवायची नाही. तिनं ते कडक पाळलं. बेकरीत सांगितलं, पाव दिसला की हात आवरत नाही. दुकानात सांगितलं, गिऱ्हाईक आवडलं तर पैसे घेववत नाहीत.

आणि एका दुपारी पोर न्यायला आलेली फिरकी भिंतीसमोर थबकली. चौथा फोटो! बोळकं पसरून हसणारी सासू! ती धावत पाळणाघरात शिरली, तर सासू तिथंच, मांडीवर भोंगा.

"आई! काय करून बसलात? उद्यापासून पोरीला कुठं ठेवू? माझं काम गेलं ना!"

"मी काय करू? यांची एक बाई पळून गेली. मुलाखतीला मलाच बसवलं. म्हटलं खरं सांगावं म्हणजे सुटले. सांगितलं, माझ्या कानाशी ढोल बडवा, मला वाटतं कुणी तांदूळ निवडतंय."

दोन्ही कानांत कापूस कोंबलेली दुसरी बाई कोपऱ्यातून ओरडली, "मीच म्हटलं, हिलाच घ्या! ऐकायला मी आहे, सोसायला ही! आणि इथं कामाला असणाऱ्यांची पोरं-नातवंडं इथंच राहतात, नियमच आहे."

फिरकीनं हुश्श केलं. "म्हणजे घरी जी नात सांभाळता येत नव्हती, तीच इथं पगारावर सांभाळणार तुम्ही?"

"घरी कुणी फोटो काढला असता का माझा?"

तेवढ्यात भोंगानं सूर लावला. खिडकीची तावदानं थरथरली, भिंतीवरच्या तिन्ही फिरक्या तिरक्या झाल्या. सासूनं नातीला कौतुकानं थोपटलं.

"बघ, कशी गुणाची! सकाळपासून हूं नाही की चूं नाही."