मूळ प्रती सोबत आणाव्यात

हेरंबला एक गोष्ट फार उत्तम जमायची, ती म्हणजे दोन्ही बाजूंनी बोलणं. धरण बांधावं का? एकीकडे सिंचन, दुसरीकडे विस्थापन. परदेशी कंपन्या याव्यात का? एकीकडे रोजगार, दुसरीकडे स्वावलंबन. दिल्लीत बेर सरायच्या खोलीत सनदी परीक्षेसाठी तीन वर्षं घोकून घोकून जिभेला अशी काही सवय लागली होती, की खालचा ढाबेवाला “फ्राय दाल या तडका?” म्हणाला तरी हा उत्तर द्यायचा, “भैया, दोनों के अपने अपने फायदे हैं.” ढाबेवाला मग त्याला जी उरली असेल ती वाढायचा.

याच गुणानं गेल्या वर्षी त्याचा घात केला. लेखी परीक्षेत गडी सगळ्यांच्या पुढे आणि मुलाखतीत तीनशेपैकी एकशे पाच. नाव यादीबाहेर. उठता उठता बोर्डाच्या अध्यक्षांनी चष्मा काढून विचारलं होतं, “दोन्ही बाजू समजल्या. पण यात तुम्ही कुठं आहात?” हेरंबला आठवत होतं, की आपण त्यावरही दोन बाजू सांगितल्या होत्या.

यंदाचा प्रयत्न शेवटचा. मुलाखत एप्रिलातल्या गुरुवारी. आणि आधीच्या शुक्रवारी गल्लीतल्या एसटीडी बूथवर परभणीहून अण्णासाहेब मामांचा फोन आला.

“हेरंबा, रविवारी दहाला आर. के. पुरमला जायचं. श्रीरंगराव म्हणून माझे जुने स्नेही आहेत, केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर. घरची मंडळी बसतील, चार प्रश्न विचारतील. राजकारण, समाज, धर्म, काय तुझे विचार असतील ते नीट सांग. शर्टाला इस्त्री कर.”

दिल्लीतल्या मराठी मुलांना यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. मराठी अधिकारी सुटीच्या दिवशी मुलांना घरी बोलवायचे, तिघं-चौघं खोटा खोटा बोर्ड मांडून बसायचे आणि मुलाखतीची तालीम घ्यायचे. मुलं त्याला मॉक म्हणायची. आपल्यासाठी मामांनी मॉक ठरवली म्हणून हेरंबनं बूथमध्येच फोनला नमस्कार केला.

मामांनी खोटं काही सांगितलं नव्हतं. फक्त श्रीरंगरावांना कादंबरी नावाची लग्नाची लेक आहे, तेवढं सांगायचं ठेवलं होतं. सांगितलं असतं, तर मुलाखतीच्या तोंडावर भाचा आलाच नसता. आणि मुलाखत होऊन नाव लागल्यावर दारात बड्या स्थळांची अशी रांग लागली असती, की स्नेह्याची लेक शेवटून पहिली उभी राहिली असती. कादंबरीची अटही होती. मोबाइल फोनच्या नव्या कंपनीत नोकरीला लागलेली ही मुलगी आईबाबांना म्हणाली होती, “मला पत्रिका नको, पगार नको. मुलानं आपले विचार सांगून स्वतःची ओळख करून द्यायची. राजकीय, सामाजिक, धार्मिक. बस.”

असा सगळा बेत. नवरदेव तेवढा अंधारात.

रविवारी निघताना खोलीतला मित्र यतीन, अकोल्याचा, दोनदा बोर्डासमोर जाऊन आलेला, याला दारात थोपवून म्हणाला, “हे बघ भाऊ. सांगितल्याशिवाय बसायचं नाही. बाई दिसली की मॅडम. खायला पुढं केलं तर नको म्हणायचं, ती परीक्षा असते. आणि फाइल घेतलीस?”

फाइल घेतली होती.

श्रीरंगरावांचं सरकारी क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर. खिडकीत कूलर घरघरत होता, त्याच्या ओल्या वाळ्याचा वास घरभर. भिंतीवर जिथं कॅलेंडर असावं तिथं गाझियाबादच्या वैशालीत बुक केलेल्या फ्लॅटचा निळा नकाशा टांगलेला. वर्षभरात निवृत्ती होती, क्वार्टर सुटणार होतं, आणि वैशालीतली इमारत अजून दुसऱ्या मजल्यावर थांबली होती. यांचा फ्लॅट चौथ्यावर.

“मे आय कम इन, सर?”

श्रीरंगराव उठून उभे राहिले. जावई होऊ घातलेल्या माणसानं असं विचारल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं. “या, या.”

हेरंब आत आला आणि सोफ्यासमोर ताठ उभा राहिला.

“अहो, बसा ना,” श्रीरंगरावांच्या पत्नी अलकनंदाबाई म्हणाल्या.

“थँक यू, मॅडम.” तो सोफ्याच्या काठावर टेकला आणि दोन्ही हातांनी फाइल पुढं केली. “सर, मूळ प्रती आणि साक्षांकित प्रतींचे दोन संच.”

श्रीरंगराव फाइलकडे बघत राहिले. एकतीस वर्षांच्या नोकरीत कितीतरी कागद त्यांच्या टेबलावरून गेले, पण मुलगा बघण्याच्या कार्यक्रमात मूळ प्रती घेऊन येणारा हा पहिलाच. त्यांचे डोळे पाणावले. चष्मा लावून त्यांनी दहावीपासून एकेक प्रमाणपत्र मूळ प्रतीशी ताडून पाहिलं आणि सवयीनं प्रत्येक झेरॉक्सच्या कोपऱ्यात ‘पडताळले’ लिहून तारखेसह सही ठोकली.

“अलका, जन्मतारीख बरोबर आहे हो.”

अलकनंदाबाईंनी पोह्यांची बशी पुढं केली. वर ओलं खोबरं, लिंबाची फोड.

“नो थँक यू, मॅडम.”

बाईंचा चेहरा उतरला. कांदेपोह्यांना नाही म्हणणारा मुलगा म्हणजे प्रकरण मिटलंच की. बशी त्यांनी तिथंच तिपाईवर ठेवली, आणि पोरका झाल्यासारखा तो पोह्यांचा ढीग कूलरच्या वाऱ्यात निवत राहिला.

तेवढ्यात आतून कादंबरी आली. निळी कुर्ती, हातात वही-पेन. बापाशेजारच्या खुर्चीत बसली आणि तिनं हेरंबकडे सरळ पाहिलं. हेरंबनं मनात हिशोब लावला. बोर्डावर एक बाई असतेच. ही वयानं लहान दिसते, म्हणजे नक्की गेल्या वर्षी निवड झालेली. त्याला तिचा थोडा हेवा वाटला आणि त्याहून थोडं जास्त काहीतरी वाटलं, ते मुलाखतीच्या दृष्टीनं अनावश्यक म्हणून त्यानं बाजूला सारलं.

“हं,” श्रीरंगराव म्हणाले. “राजकारणाबद्दल काय मत?”

“सर, लोकशाहीत एकीकडे सरकारचं स्थैर्य महत्त्वाचं आणि दुसरीकडे उत्तरदायित्व. दोन्हींचा समतोल साधावा.”

“वा! निर्दोष!” श्रीरंगराव खूश. सरकारी नोकरानं राजकीय मत बाळगू नये, हा नियम त्यांनी इतका मनावर घेतला होता, की मत देऊन आल्यावर बोटाची शाईसुद्धा ते बायकोपासून लपवायचे.

अलकनंदाबाईंनी पदर सावरला. “लग्नानंतर सुनेनं नोकरी केलेली चालेल का तुमच्याकडे?”

हेरंब क्षणभर चपापला. पण अशा आडवळणाच्या प्रश्नांबद्दल यतीननं बजावलं होतं. “मॅडम, घटनेच्या सोळाव्या कलमानं संधीची समानता दिलेली आहे. मात्र कुटुंबसंस्थेचाही विचार व्हायला हवा.”

“म्हणजे चालेल ना?”

“चालेल, मॅडम. टप्प्याटप्प्यानं.”

“टप्प्याटप्प्यानं म्हणजे?” कादंबरी पहिल्यांदा बोलली. “सोमवार ते बुधवार?”

हेरंबच्या कानशिलावरून घाम ओघळला. ही बाई मार्क कापणार.

“धर्माचं बोलू,” ती म्हणाली. “देव मानता?”

“मॅडम, पंचविसाव्या कलमानुसार प्रत्येक नागरिकाला…”

“अहो, कलम छोडो ना!” तिनं पेन वहीवर आपटलं. “तुमच्या आधी इथं चार जण येऊन गेले. चौघांनी आपली उंची सांगितली.”

उंची? हेरंबनं पटकन विचार केला. पोलीस सेवेचे उमेदवार असणार.

“आणि तुम्ही नुसती कलमं सांगताय. सगळे बिल्कुल छान बोलतात हो, पण आतला माणूस कोणी दाखवतच नाही. मला एवढंच सांगा, यात तुम्ही कुठं आहात?”

तोच प्रश्न. वर्षभर रात्री-अपरात्री उशाशी येऊन बसणारा. हेरंबनं ‘एकीकडे’ म्हणण्यासाठी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. समोरची मुलगी वाट बघत होती, मार्क द्यायची नव्हे, उत्तराची. ते तिच्या डोळ्यांत स्वच्छ दिसत होतं.

“परीक्षेच्या आदल्या दिवशी मानतो,” तो म्हणाला. “निकालानंतर महिनाभर मानत नाही. मग आईचं पत्र येतं. ती दर गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते आणि येताना माझ्या नावानं पिरालाही नारळ ठेवते. पुजाऱ्याला ठाऊक आहे, मुजावरालाही ठाऊक आहे, दोघंही तिला काही विचारत नाहीत. देवाचं मला अजून नक्की सांगता येत नाही, मॅडम. पण उन्हातान्हात दीड कोस चालणारे तिचे पाय मी मानतो.”

अलकनंदाबाईंचे हात नकळत जोडले गेले.

“और राजकारण?” कादंबरीनं हळूच विचारलं.

“आमच्या गावात प्रत्येक निवडणुकीला विजेचा एकेक खांब येतो. तारा येत नाहीत. चिमण्यांची मोठी सोय झाली. मी खांबाला मत देणार नाही, तारेला देईन. मग ती कुठल्याही पक्षाची असो.”

श्रीरंगरावांनी घाईनं खिडकीबाहेर पाहिलं, कोणी ऐकलं तर नाही ना म्हणून.

आता हेरंब थांबायला हवा होता. पण बांध फुटला होता.

“आणि समाज म्हणाल, तर माझी धाकटी बहीण आहे, गिरिजा. माझ्याहून हुशार. गणितं तोंडी सोडवायची. तिच्या दहावीनंतर घरात ठरलं, शिकवायचं तर एकालाच. मला पाठवलं. मी त्या दिवशी ओट्यावरच बसलो होतो. एक शब्द बोललो नाही. नंतर स्त्रीशिक्षणावर मी तीन निबंध लिहिले, तिन्हींना चांगले मार्क पडले. गेल्या दिवाळीला घरी गेलो, तर ती बियाणं पाखडता पाखडता गात होती,

दिल्लीला गं माझा बंधू, त्याच्या हातात लेखणी,
माझं दप्तर खुंटीला, करी बियांची राखणी.

मला बघून हसली. म्हणाली, दादा, तुझ्यावरच रचलंय. खरंच, तिच्या शाळेच्या दप्तरात आई मुगाचं बी ठेवते. तेव्हा माझी सामाजिक ओळख द्यायची, तर मी त्या दिवशी गप्प बसलेला भाऊ आहे. आणि मी नोकरीत लागलो किंवा नाही लागलो, तरी ते दप्तर मी खुंटीवरून काढणार आहे. याला दुसरी बाजू नाही.”

कादंबरीच्या वहीचं पान कोरं होतं. तिनं ते हलकेच मिटलं.

हेरंब भानावर आला. आपण काय करून बसलो! तो उभा राहिला. “सॉरी, सर. भावनेच्या भरात बोललो. गुरुवारी बोर्डासमोर असं होणार नाही.”

“कुठल्या बोर्डासमोर?” श्रीरंगराव म्हणाले.

“मुलाखतीच्या, सर. आज मॉकमध्येच कळलं ते बरं झालं. माझ्या चुका सांगितल्यात तर…”

“कसली मॉक?” अलकनंदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. “अहो, हे काय म्हणतायत? पोहे केलेत मी सकाळपासून.”

हेरंबनं तिपाईवरच्या बशीकडे पाहिलं. खोबरं, लिंबू, कांदा. मग कादंबरीकडे. मग परत बशीकडे. परभणी जिल्ह्यातलं लेकरू ते, इतकं तर त्याला कळत होतं. कानाच्या पाळीपासून तो जो लाल व्हायला लागला, तो कॉलरच्या आतपर्यंत गेला.

“मामा,” तो एवढंच म्हणाला.

“अण्णासाहेबांनी तुम्हाला सांगितलं नाही?” श्रीरंगराव ओरडले. “मग मी सर्टिफिकेटं कशाला पडताळली?”

कादंबरी हसायला लागली. आधी ओढणीआड, मग उघड, मग पोट धरून. “यार, बाबा! तुम्ही सही पण केली! आणि मला… मला मॅडम म्हणाले हे!”

“मी निघतो,” हेरंब फाइल गोळा करायला लागला, तर ती उलटी झाली. मूळ प्रती एकीकडे, साक्षांकित प्रती दुसरीकडे, आयुष्यात पहिल्यांदाच त्याला दोन्ही बाजू आवरेनात. कादंबरी खाली बसून कागद वेचू लागली. दहावीच्या गुणपत्रिकेवरची बापाची सही बघून तिला पुन्हा हसू फुटलं. मग ती गंभीर झाली.

“गुरुवारी हेच बोला,” ती हळू आवाजात म्हणाली.

“मार्क जातील.”

“गेल्या वर्षी समतोल साधून किती मिळाले होते?”

“एकशे पाच.”

“मग आता और काय जाणार? आणि संध्याकाळी इथं या. काय बोललात ते मला सांगायला. माझे मार्क मी तेव्हा देईन. आणि माझे विचार तुम्ही विचारायचे, मी पण सांगायला पाहिजेत ना. बसा आता. मॉक संपली.”

हेरंब बसला. या वेळी काठावर नाही, पाठ टेकून. अलकनंदाबाईंच्या जिवात जीव आला. त्यांनी पोहे आत नेऊन पुन्हा गरम करून आणले, वर नव्यानं कोथिंबीर भुरभुरली, आणि प्रथेप्रमाणे म्हणाल्या, “घ्या बाई आता. कादंबरीनंच केलेत हो.”

“आई!” कादंबरी म्हणाली.

हेरंबनं एक घास घेतला. दुसरा घेतला. तिघंही त्याच्या तोंडाकडे बघत होती.

“कसे झालेत?” अलकनंदाबाईंनी विचारलं.

हेरंबच्या जिभेवर ते जुनं, गुळगुळीत वाक्य आपोआप येऊन उभं राहिलं. एकीकडे पोहे उत्तम मोकळे झालेत. त्यानं ते घासाबरोबर गिळलं.

“मीठ कमी आहे, काकू.”

अलकनंदाबाईंनी कमरेवर हात ठेवला, आणि कोणी काही बोलायच्या आत श्रीरंगराव खाकरले. एकतीस वर्षं कुठल्याही कागदावर स्वतःचं मत न नोंदवलेला तो माणूस निळ्या नकाशाकडे बघत, अगदी हळू, पण ठाम आवाजात म्हणाला,

“असतंच कमी. लग्न झाल्यापासून.”

“काय म्हणालात?” बाई गर्रकन वळल्या.

कादंबरीनं मिठाची बाटली हेरंबसमोर सरकवली. मग थोडा विचार करून त्याच्यासमोरून ती उचलली आणि बाबांसमोर ठेवली.