लेट्यूसला जेवणाची सुट्टी

मी एक जुना दिवा आहे मित्रांनो, आणि सूर्याच्या जागी नोकरी करतो. आमच्या प्रांताच्या शेती संशोधन केंद्रात एक बिनखिडकीची खोली आहे. तिथे फळ्यांवर लेट्यूस वाढतं आणि वरून आम्ही दिवे जांभळा उजेड पाडतो. नवा होतो तेव्हा माझं फार कौतुक झालं. मंत्री माझ्याखाली फोटो काढून गेले. फोटोत सगळे जांभळे आले.

मग सरकारला काटकसर आठवली. अर्थखात्याचा हुकूम निघाला: सरकारी खोल्यांतले दिवे जेवणाच्या सुट्टीत बंद. देखभाल बघणारे नुमाता-सान नियमाचे पक्के. बारा वाजले की बूट काढून, सपाता घालून आत यायचे आणि खटका ओढायचे.

"अहो, हे ऑफिस नाहीये," संशोधक ओगिवारा-सान म्हणायच्या. "ही रोपं आहेत माझी."

"मग त्यांनाही जेवू द्या की निवांत."

बाई वरपर्यंत भांडल्या. विचार चालू आहे, असं उत्तर आलं. तो वर्षभर चालूच राहिला.

फेब्रुवारीत अर्थखात्याची समिती आली. आमचे पैसे कापून खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवायच्या, हे जवळजवळ ठरलंच होतं. समितीचे प्रमुख शिबाझाकी-सान आत येऊन नमस्काराला वाकले, समोर बाई वाकल्या आणि नेमके बारा वाजले. गुडुप अंधार. दोन डोकी आपटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ माफ्या चालल्या. एक गृहस्थ तर खांबाची माफी मागत होते.

"दिवे लावा हो," कोणीतरी म्हणालं.

"एक वाजता," नुमाता-सान म्हणाले. "नियम तुमचाच आहे."

सगळ्यांनी अंधारातच डबे खाल्ले.

उजेड आल्यावर शिबाझाकी-सान कपाळ चोळत फळीकडे वळले. "तुमच्या अहवालांत होतं, पानांची टोकं करपायची ना?"

"यंदा नाही करपली," बाई म्हणाल्या.

"काय केलंत?"

"मी काही नाही. तुमच्या हुकमामुळे रोपांना रोज विश्रांती मिळाली."

ते जरा ताठ झाले. "म्हणजे हा आमचा शोध?"

"असेल. नाहीतर योगायोग असेल," बाई म्हणाल्या. "दोन वर्षं द्या, मग खात्रीने सांगते."

"मी म्हटलंच होतं, जेवू द्या," मागून नुमाता-सान पुटपुटले.

आता स्वतःच्याच शोधाचे पैसे कापणार कसे? मंजूर झाले.

नवे दिवे आले. मला भंगारात काढायला नुमाता-सान शिडी घेऊन आले, तर बाई म्हणाल्या, "त्याला राहू द्या. तुलनेसाठी एक फळी विश्रांतीशिवाय हवी."

ती फळी माझ्याकडे आली. बाराला बाकीचे सगळे सुट्टीवर जातात, मी एकटा जळतो. माझा एक कोपरा हल्ली लुकलुकतो, पण मी नेट धरलाय.

मित्रांनो, कुठलाही दिवा खुशाल बंद करा, फक्त आधी त्याच्याखाली काय वाढतंय ते वाकून बघा. आणि मला एवढी दोन वर्षं जळू द्या. बाईंना उत्तर मिळालं, की खटका ओढायला नुमाता-सानना मीच बोलावीन.