चौथ्या प्रोसेसरची खुर्ची

टिळेकरांच्या मशीनमधला दुसरा प्रोसेसर जागा झाला, तेव्हा त्यातून डिगू शेंडे बाहेर आला आणि आपल्या जुन्या खुर्चीत बसला. डिगूला जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"काय हेरंबराव, चहा सांगितलाय का नाही?" त्यानं टिळेकरांना विचारलं. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. डिगूची मेल्यावरही गेली नव्हती.

सांगलीच्या पॉलिटेक्निकमधल्या या लॅबमध्ये टिळेकरांची उभी नोकरी गेली. चार प्रोसेसरांचं हे धूड आलं, तेव्हा प्राचार्यांनी नारळ फोडला होता. लॅबमधले चौघेही सहकारी त्याच्यासमोर ओळीनं खुर्च्या टाकून बसत आणि त्याच्या गरम पाठीवर आपापले डबे ठेवत. काय दिवस होते ते! पुढे मशीन म्हातारं झालं, पण जगभरच्या हौशी मंडळींनी घडवलेली फुकटची सिस्टिम त्याच्यावर अजून चालत होती, आणि निवृत्त टिळेकर रोज दुपारी येऊन तिची निगा राखत. आजवरची सिस्टिम एकच प्रोसेसर वापरी. बाकीचे तिघे झोपून राहत. आज त्यांनी सगळ्यांना एकेक करून उठवणारी सिस्टिम चढवली होती. दुसऱ्यातून डिगू आला, म्हणजे खुर्च्यांच्या क्रमानं चौथ्यातून नलू येणार होती. नलू म्हणजे त्यांची बायको, याच लॅबमध्ये भेटलेली आणि गेल्या साली गेलेली.

डिगू बसला तशी भिंत हातभर आत सरकली आणि टिळेकरांना आपली शाळा आठवेना.

"प्रोसेसर चार असले तरी मेमरी एकच," डिगू म्हणाला. "आम्ही येणार ते तुमच्या आठवणींतलंच घेऊन, आणि तेवढी खोलीही आखडणार. थांबवू या?"

"राहू दे."

तिसऱ्यातून रझाक मुल्ला आला, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचून. भिंतीनं दोन कपाटं गिळली. टिळेकरांच्या आठवणीतला आईचा आवाज गेला. त्यांना भडभडून आलं, पण कशानं ते कळेना.

"साहेब, चौथा नको," रझाक म्हणाला. "तुमच्याकडं आता फार उरलं नाही."

"एकदा बघू दे रे तिला."

मशीनवरचा चौथा दिवा लागला. निळ्या साडीतली एक बाई डबा घेऊन आत आली. तिच्या वाट्याला टिळेकरांच्या आठवणीतला तरुण, काळ्या केसांचा हेरंब आला होता. तेवढाच शिल्लक होता. खोलीत आता तीनच खुर्च्या मावत होत्या. टिळेकर उठले. परक्या बाईमाणसाला जागा द्यावी, एवढी रीत त्यांच्या अंगात होती.

तिनं डबा मशीनच्या पाठीवर ठेवून उघडला. भरल्या वांग्यांचा वास सुटला. टिळेकरांना उगाचच फार बरं वाटलं.

"हे कुठं गेले?" तिनं त्यांनाच विचारलं.

रझाक खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून पुसू लागला.

"येतीलच एवढ्यात," टिळेकर म्हणाले. त्यांच्या पाठीला भिंत टेकली होती. "तुम्ही बसा."

तिनं दाराकडे पाहिलं आणि गार होऊ नये म्हणून डब्यावर झाकण ठेवलं.