भागी मला धसईला घेऊन गेली

मी एक जुनी शिलाई मशीन आहे. पायाने चालवायची नव्हे, हाताने मूठ फिरवून चालवायची. माझ्या काळ्या अंगावर एके काळी सोनेरी वेलबुट्टी होती. आता ती मानेखाली, जिथे कोणाचा हात पोहोचत नाही, तेवढीच उरली आहे. त्याचे मला वाईट वाटत नाही. काम करणाऱ्याचे अंग झिजायचेच. पण मित्रांनो, माझ्यामुळे एका मुलीचे जे नुकसान झाले, ते मला अजून सलते. म्हणून ही हकिगत सांगते.

माझा जन्म स्कॉटलंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून मी एका दुकानात आले आणि दुकानातून एका गावच्या चर्चमधल्या बायकांनी मला विकत घेतले. त्यांच्या गावातली पाच माणसे हिंदुस्थानात जाणार होती. चार महिने राहून तिथल्या अनाथ मुलांची सेवा करायची, असा त्यांचा बेत होता. त्या पाचांत एडिथ हॉलोवे नावाची तेवीस वर्षांची तरुणी होती. बायकांनी मला तिच्या हवाली केले आणि त्या दिवशी माझ्यावर हात ठेवून प्रार्थनाही झाली. मला फार अभिमान वाटला.

१९३६ सालच्या थंडीत आम्ही आसनगाव स्टेशनावर उतरलो. तिथून बैलगाडीने शहापूर आणि पुढे सापगावच्या अलीकडे नदीकाठच्या अनाथघरात पोहोचलो. कौलारू लांबट घर, पुढे पडवी आणि पडवीत बावीस मुले रांगेत उभी. मुलांचे सगळे गीताबाई पाहत. त्या स्वतः अशाच एका घरात वाढल्या होत्या. बोलणे कमी, पण कोणत्या मुलाला रात्री खोकला येतो आणि कोणाला आमटी आवडत नाही, हे त्यांना तोंडपाठ असे.

मला पडवीच्या कोपऱ्यात एका बाकावर ठेवले. मुले लांबूनच बघत होती. एकटी भागी जवळ आली. नऊ वर्षांची, काळीसावळी, केस बारीक कापलेले. तिने माझ्या मुठीला एक बोट लावले आणि चटकन मागे घेतले. एडिथबाई हसल्या. त्यांनी तिचा हात धरून मूठ फिरवली. सुई खालीवर झाली, तशी भागी मोठ्याने म्हणाली, "गो बाय, ही तं चावते!"

त्या दिवसापासून भागी माझी झाली.

भागी धसईकडची, कुणब्याची मुलगी. पटकीच्या साथीत तिचे आईबाप आठ दिवसांच्या अंतराने गेले. मागे राहिली तिच्या आईची धाकटी बहीण, जनी मावशी. जनीचा नवरा अंथरुणाला खिळलेला आणि शेत दुसऱ्याचे. पोरीला खायला घालणे होईना, म्हणून तिने भागीला इथे आणून सोडले होते. सोडताना गीताबाईंना तिने सांगितले होते, "बाई, ही माजीच हाय. वर्सा-दोन वर्सांनी नेईन. कोनाला देऊ नका."

दर दोन-अडीच महिन्यांनी जनी मावशी यायची. धसईहून मुरबाड आणि मुरबाडहून सापगाव, असे दोन दिवस चालत. फडक्यात नाचणीची भाकर, कधी करांद्याचे उकडलेले कंद, उन्हाळ्यात करवंदे. पडवीच्या पायरीवर बसून ती भागीला खाताना बघायची. बोलायची थोडेच. दुपार कलली की उठायची.

एडिथबाईंनी तिला एकदा पाहिले आणि गीताबाईंना विचारले, "ही कोण?"

"भागीची मावशी. दोन दिवस चालून येते."

"पण मग भागी अनाथ कशी?"

"आई नाही, बाप नाही. मावशी आहे," गीताबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी एडिथबाईंनी घरी पत्र लिहिले आणि आपल्या सोबतिणीला वाचून दाखवले. इंग्रजी मला कळत होते. पत्रात लिहिले होते, 'इथे भागी नावाची एक छोटी मुलगी आहे. तिला या जगात कोणीही नाही.' त्या खोटे बोलणाऱ्या बाई नव्हत्या. लिहिताना त्यांचे डोळे भरले होते. पण दोन दिवस चालून येणारी ती बाई त्यांच्या पत्रात बसत नव्हती, म्हणून गळली.

चार महिने मी उसंत घेतली नाही. निळ्या चौकडीच्या कापडाचे बावीस झगे आणि सदरे माझ्याखालून निघाले. भागीने स्वतःचा झगा स्वतः शिवला. एक बाही उलटी लागली, ती तिने उसवून पुन्हा लावली. झगा अंगात घालून ती घरभर फिरली, आणि गीताबाईंनीसुद्धा हातातले काम ठेवून तिला वळून दाखवायला सांगितले.

मग निघायचा दिवस जवळ आला. फोटो काढायचा ठरला. नवे कपडे घालून मुले अंगणात उभी राहिली. पथकाचे प्रमुख पाद्रीसाहेब कॅमेऱ्यामागून बाहेर आले आणि मान हलवून म्हणाले, "ही मुले फार नीटनेटकी दिसतात. आपल्या लोकांना यांची गरज कशी कळणार? जुने कपडे कुठे आहेत?"

"साहेब, ते पोतेऱ्याला काढलेत," गीताबाई म्हणाल्या.

"आणा."

पोतेऱ्याचे कपडे आले. मुलांनी ते घातले. भागी मात्र झग्याची कड मुठीत धरून उभी राहिली. "मी नाय काढनार. मी शिवलाय."

एडिथबाई तिच्यापुढे गुडघ्यांवर बसल्या. पुस्तकातून शिकलेल्या मराठीत त्या म्हणाल्या, "थोडा वेळ फक्त. माझ्यासाठी."

त्यांच्यासाठी भागीने काय केले नसते? तिने झगा काढला, घडी घालून माझ्यावर ठेवला आणि फाटके घालून रांगेत जाऊन उभी राहिली. फोटोत सगळी मुले कॅमेऱ्याकडे बघत होती. भागी खाली बघत होती. पाद्रीसाहेब म्हणाले, हीच सगळ्यांत छान आली आहे.

निघायच्या सकाळी एडिथबाई पडवीत आल्या. भागीला त्यांनी उराशी धरले. दोघीही रडत होत्या. त्या म्हणाल्या, "मी परत येणार. पुढच्या थंडीत. हे मशीन मी तुझ्याकडे ठेवते. मी येईपर्यंत सांभाळ. मग आपण दोघी शिवू."

गीताबाई मागेच उभ्या होत्या. त्यांनी हलक्या आवाजात इंग्रजीत सांगितले, "मिस, नक्की नसेल तर असे म्हणू नका. ही मुले दिवस मोजतात."

"पण मी खरेच येणार आहे," एडिथबाई म्हणाल्या. त्या क्षणी ते खरेच होते, मित्रांनो. म्हणून तर ते इतके वाईट ठरले.

पहिल्या वर्षी दोन पत्रे आली. दुसऱ्या वर्षी नाताळचे एक रंगीत कार्ड आले. नंतर काही नाही. भागी मला रोज पुसायची, आठवड्याला तेल घालायची. थंडी सुरू झाल्यावर बैलगाडीचा आवाज आला रे आला, की पडवीच्या टोकाला धावायची. मिशनची दुसरी माणसे आली आणि गेली. प्रत्येक पथकाबरोबर एक नवी बाई असायची, नवे गाणे असायचे, निघताना रडणे असायचे. लहान मुले आल्या दिवशीच त्यांच्या गळ्यात पडत. मोठी झालेली मुले नमस्कार करून कामाला लागत. त्यांना कळून चुकले होते.

१९३८ सालची भाताची झोडणी उरकली आणि जनी मावशी आली. या वेळी तिच्या हातात फडके नव्हते. नेसूचे लुगडे नवे होते. ती पायरीवर न बसता सरळ वर आली.

"चल गो बाय, घरी," ती म्हणाली. "तुज्या काकाला बरं हाय आता. कामाला जातो. खंडानं शेत घेतलंय. तुज्यासाठी चुलीपाशी जागा केली हाय."

भागी माझ्या मुठीवर हात ठेवून उभी राहिली.

"मी नाय येत."

"का गो?"

"बाई येनार हायेत. मी नसले तं त्या कोनाला भेटतील?"

जनीला आधी हसू आले. "अगो, ती साता समुद्रापलीकडची. ती कशाला येतेय?"

"येनार!" भागी ओरडली. "मशीन ठेवून गेल्यात त्या माज्याकडं. एवढी महाग वस्तू टाकून कोन जातं का?"

गीताबाईंनी समजावले. घर ते घर, जा म्हणाल्या. भागीने ऐकले नाही. ती अकरा वर्षांची होती आणि तिच्याजवळ पुरावा होता. तो पुरावा मी होते. मला तोंड असते तर मी सांगितले असते, 'अगो, मला ज्यांनी आणले त्यांना मी जड झाले होते. बोटीवर नेण्याची खटपट नको, म्हणून मी इथे राहिले.' पण मशीनला फक्त खडखड करता येते.

 जनी मावशीने भागीच्या तोंडावरून हात फिरवला. "बरं. तुला वाटंल तवा ये. वाट म्हाईत हाय ना?" एवढेच म्हणाली आणि नदीकडे उतरली. त्यानंतर ती दोनदा आली. मग आली नाही.

पुढे महायुद्ध सुरू झाले. परदेशातून येणारी मदत आटली आणि १९४३ साली अनाथघर बंद झाले. लहान मुलांना दूरच्या मोठ्या संस्थेत पाठवले. भागी तेव्हा सोळा वर्षांची होती. गीताबाईंनी मला लाकडी झाकणात घातले आणि तिच्यापुढे ठेवले. "ही घेऊन जा. तूच वापरलीस, तुझीच आहे. मावशीकडे जा, भागी."

भागीने मला डोक्यावर घेतले. चुंबळ घालूनही मी जड होते. सापगावहून मुरबाड आणि मुरबाडहून धसई, तिला तीन दिवस लागले. वाटेत ती एकदाच बोलली. एका झाडाखाली मला उतरवून मान चोळताना ती म्हणाली, "मावशी कशी गो येत असंल एवढं चालून?"

धसईला मावशीच्या दाराला बाहेरून काडी लावलेली होती. शेजारची धोंडीबाई बाहेर आली. तिने भागीला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळले.

"तू जनीची भागी ना?"

"हो. मावशी कुठं गेली?"

"भात कापायच्या दिसांत तापानं गेली, बाय. तीन महिनं झालं. काका त्याच्या भावाकडं ऱ्हातो." धोंडीबाईने पदराने तोंड पुसले. "कोनी सापगावाकडनं आलं, का तुजंच इचारायची. म्हनायची, माज्या पोरीला लय मोठ्या मानसांनी जीव लावलाय. बरं हाय तिचं."

भागी रडली नाही. दाराची काडी काढून ती आत गेली. चुलीपाशी एका माणसाला झोपता येईल एवढी जागा शेणाने सारवून ठेवलेली होती. माती उकलली होती, पण कड अजून दिसत होती.

ती तिथेच राहिली. बाजारच्या दिवशी मला घेऊन पिंपळाच्या पारावर बसू लागली. बायका चोळ्या शिवायला आणत. कोणी तांदूळ देई, कोणी भाजी. तिचा हात साफ होता. धसईत लोक म्हणत, भागीची शिलाई उसवत नाही. मला पुन्हा मान मिळाला. पण तेल घालताना ती आता माझ्याशी बोलत नसे.

देश स्वतंत्र झाला त्या वर्षीच्या थंडीत, बाजारच्या दिवशी, पारापुढे एक मोटार थांबली. आतून एक गोरी, भरल्या अंगाची बाई उतरली. बरोबर गीताबाई होत्या, आता पुऱ्या पांढऱ्या केसांच्या. ती बाई एडिथ होती.

"भागी! माझी छोटी भागी!" तिने भागीचे दोन्ही हात धरले. मग नजर माझ्याकडे गेली. "अरे, हे जुने यंत्र! हे कुठून मिळाले तुला?"

भागी म्हणाली, "तुमीच ठेवून गेल्या होत्या. परत येईपर्यंत."

"हो का? मी विसरूनच गेले होते." एडिथबाई हसल्या, मग जरा ओशाळल्या. पुढचे त्या इंग्रजीत बोलल्या आणि गीताबाईंनी ते मराठीत सांगितले. लग्न झाले, मग युद्ध आले, मग मुले झाली. पण तुझा फोटो माझ्या घरी भिंतीवर आहे. रोज रात्री मी आणि माझी मुले तुझ्यासाठी प्रार्थना करतो. एक दिवससुद्धा चुकवला नाही.

भागीने हात सोडवून घेतले. ती रागावलेली दिसत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "माजी मावशी दोन दिस चालत यायची."

गीताबाईंनी ते इंग्रजीत सांगितले नाही. "काय म्हणाली?" एडिथबाईंनी विचारले. गीताबाई म्हणाल्या, "तिच्या मावशीची आठवण काढते आहे."

"मावशी?" एडिथबाई म्हणाल्या. "तिला मावशी होती?"

मग त्यांनी कॅमेरा काढला. मशीनवर बसलेल्या भागीचा फोटो त्यांना हवा होता. भागीने नको म्हटले, आणि पुढे बसलेल्या बाईची चोळी ओढून माझ्याखाली सरकवली. मोटार गेली तेव्हा ती दुसरी बाही लावत होती. बाही उलटी लागली. तिने ती उसवली आणि सुलटी करून पुन्हा लावली.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. मला तेल घाला, असे मी सांगणार नाही. मी लोखंडाची आहे, गंजले तरी घासल्यावर पुन्हा फिरते. पण कुठे परक्या लेकरांची सेवा करायला गेलात, तर झगे शिवा, जखमा धुवा आणि ठरल्या दिवशी निरोप घेऊन या. तुमच्या रडण्याच्या भरात त्यांना शब्द देऊ नका. मूल तो शब्द धरून दार अडवून बसते, आणि खरे आपले माणूस त्याच दारातून परत जाते. म्हणून त्याला जगात कोणी नाही, असे लिहिण्याआधी पायरीवर कोण बसले आहे ते बघा, आणि तिला आधी पाणी विचारा.