कापडाचा बोळा

धोंडीराममामांनी भाचीच्या, निकिताच्या, हातून सनई घेतली आणि उलटी धरून दोनदा झटकली. खालच्या पितळी वाटीतून लाल सुताचा धागा त्यांच्या धोतरावर पडला.

"हे काय गं?"

निकिताची मान खाली गेली. "बोळा कोंबते, मामा. सातपूरला माझ्या खोलीच्या भिंतीपलीकडे चांगुणावहिनींचे मिस्टर रात्रपाळी करून दिवसा झोपतात. आवाज नको जायला."

"मंग बरोबर हाय! सूर निघंना म्हणून तू पत्ती ओठात आवळतेस. कोंबडी धरल्यागत ओरडते सनई!"

मामा रागावले खरे, पण त्यांचं तोंड उतरलं. दात गेल्यापासून त्यांच्या ओठात सनईच्या तोंडाची पत्ती ठरत नव्हती. रविवारी इथे गावात, हरसूललाच लग्न होतं आणि निकिताच्या भरवशावर त्यांनी शब्द दिला होता. तिला जमलं नाही तर लग्नघरची मंडळी बँड सांगणार, आणि मामांची सनई कायमची खुंटीला लागणार. घरात दुसरं वाजवणारं कुणी नव्हतं.

"ओठ सैल सोड, दम पोटातून घे," मामा म्हणाले. "आन् भिऊ नको. भ्यालेला सूर लय टोचतो."

दुपारी खोलीवर परतल्यावर निकिताने बोळा काढून ठेवला. आज शिव्या खायच्याच, असं म्हणत तिने पत्ती ओली केली. पहिला सूर फाटला. दुसरा मात्र असा भरदार निघाला, की तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. गाल फुगवून, नाकाने श्वास घेत तिने तो धरून ठेवला. किती वेळ, कोण जाणे. मग भिंतीकडे नजर गेली आणि ती चटकन थांबली.

लगेच कडी वाजली. दारात चांगुणावहिनी.

"चुकलं वहिनी! रविवारपर्यंतच—"

"अगं, थांबलीस कशाला? रोजच्या त्या कुईकुईने ह्यांचा डोळा लागायचा नाही. पोर शिकतेय म्हणून बोलले नाही तुला. आज कुठे घोरायला लागले होते, तर तू थांबलीस नि उठून बसले बघ!"

निकिताला हसावं की रडावं कळेना. तिने मामांना फोन लावला.

"मामा, नुसतं ऐका."

फोन खिडकीत ठेवून तिने ओठ सैल सोडले. चांगुणावहिनी उंबऱ्यातच टेकल्या. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे घोरणं सुरू झालं.

सूर संपल्यावर तिने फोन कानाला लावला.

"बँड नको म्हणून सांगतो त्यांना," मामा म्हणाले. "तू वाजव."