मधलीचं एकटीचं गाणं

आम्ही तिघी बहिणी एकत्र गातो, हे आता वेगळं सांगायला नको. ज्याच्या घरात रेडिओ होता त्याने आम्हाला ऐकलंय, आणि ज्याच्या घरात नव्हता त्याने शेजाऱ्याच्या रेडिओवर. पण मला विचाराल, तर मला अजून कुणीही ऐकलेलं नाही. माझ्या नवऱ्यानेसुद्धा नाही. तो आंघोळ करताना आमची गाणी गुणगुणतो, आणि बावीस वर्षं माझ्याबरोबर संसार करून गुणगुणतो काय, तर ताईची चाल!

वाटणी आईने केली. तेव्हा ताई नऊ वर्षांची, मी सात, धाकटी पाच. ताईचा आवाज मोठा, म्हणून चाल तिला. धाकटीचा बारीक, म्हणून वरची नक्षी तिला. मी काय करू, असं विचारलं तर आई भांडी पुसता पुसता म्हणाली, "तू खालून धर." तेव्हापासून मी खालून धरलंय, म्हणजे ताईच्या चालीखाली आधाराचे खालचे सूर गातेय. जड कपाट जिन्यावरून वर नेताना एकजण खालच्या टोकाला असतो ना, ती मी. कपाट चढवलं म्हणून कौतुक होतं ते वरच्याचं.

मधली मी, पण मध्ये उभी राहायची ताई. ड्रेस एकाच ताग्यातून, आणि तिन्ही ताईच्या मापाने, कारण तीन वेगळी मापं म्हणजे शिंप्याच्या डोक्याला ताप, असं तिचं मत. मी तिच्यापेक्षा चार बोटं रुंद आहे. मी उभी कारकीर्द पोट आत ओढून गायले आणि वर लोक म्हणायचे, मधलीच्या चेहऱ्यावर काय गांभीर्य आहे! रेकॉर्डिंगला गेलं की काचेपलीकडून आवाज यायचा, "मधल्या ताई, जरा दोन पावलं मागे." इतक्या वेळा दोन पावलं मागे गेले, की हिशेबाने मी आज स्टुडिओच्या बाहेर, पार्किंगमध्ये असायला हवं.

मुलाखतीत एकदा एका भल्या बाईंनी मला थेट विचारलं, "तुम्हाला कधी एकटीने गावंसं वाटतं का?" मी तोंड उघडलं आणि ताई म्हणाली, "छे, तिला नाही आवडत." बाईंनी ते लिहून घेतलं.

वाटत होतं. फार वाटत होतं. एकदा, फक्त एकदा, लोकांनी माझा आवाज ऐकावा आणि म्हणावं, अरे, ही होती होय!

आमच्या गटाला तीस वर्षं झाली तेव्हा मोठा कार्यक्रम ठरला. आयोजक म्हणाले, तिघींनी एकेक गाणं एकटीने म्हणावं.

"हिने एकटीने?" ताई माझ्यादेखत म्हणाली. "अहो, ती घाबरेल. लहानपणापासून तशीच आहे."

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "मी गाणार. आणि आपलं सगळ्यात गाजलेलं गाणंच गाणार."

"ते माझं आहे," ताई म्हणाली.

"अगं, तिघींचं आहे," धाकटी म्हणाली.

ताईने जरा विचार केला. "बरं, गा. पण तालीम कर हं."

ती एवढं बोलली नसती तर मी केलीही असती. जे गाणं मी तीन हजार वेळा गायले, त्याची तालीम? वादकांना निरोप धाडला, तुम्ही तुमचं वाजवा, मी थेट स्टेजवर येते. आणि जाऊन स्वतःच्या मापाचा ड्रेस शिवून घेतला.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. वादकांनी सुरुवात करताच लोकांनी गाणं ओळखून टाळ्या वाजवल्या. मी पोटभर श्वास घेतला आणि सुरू केलं.

पहिल्या ओळीत माझ्या तोंडून एकच सूर सात वेळा निघाला. मग एक पायरी खाली. मग पुन्हा तोच.

मी खालचं गात होते! चाल मला माहीत होती, कानात ताई ठणठणीत गात होती, पण गळा तिकडे वळायलाच तयार नव्हता. त्याने आयुष्यात चाल कधी म्हटलीच नव्हती. पेटीवाला माझ्याकडे अशा नजरेने बघू लागला, जणू मी त्याच्या घरात चुकून शिरले होते. थांबावं तर अब्रू जाणार, गावं तरी जाणार. मग म्हटलं, जायचीच आहे तर गाऊन जाऊ दे. एक कडवं म्हटलं. जिथे ताईची लांब तान येते तिथे सवयीने आठ मात्रा गप्प उभी राहिले. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. दुसरं कडवं राहिलंच, वादकांनीच घाईने समेवर आणून मला सोडवलं.

टाळ्या पडल्या, पण सभ्यपणाच्या. पुढच्या रांगेतल्या समीक्षकाने शेजाऱ्याला मोठ्याने सांगितलं, "नवीन रचना दिसते. धाडसी आहे." माझा नवरा कार्यक्रमपत्रिका उलटसुलट करून गाण्याचं नाव शोधत होता.

विंगेत आले तर धाकटी हसून हसून खुर्चीवर पडली होती. ताई उभी होती. मी मनाची तयारी केली, आता जन्मभर ऐकावं लागणार.

"हे तू गात होतीस?" ताईने विचारलं.

"हो."

"दर वेळी?"

"दर वेळी."

"मला वाटायचं, तू माझंच गातेस. जरा हळू." तिचा आवाज चिरकला. "मी कधी ऐकलंच नाही गं. मी गात असायचे ना."

धाकटीचं हसू थांबलं. मला रडू येत होतं आणि ताईचा रागही येत होता, दोन्ही एकदमच.

"दुसरं कडवं म्हण," ताई म्हणाली.

तिथेच, पडद्यांच्या दोऱ्यांमध्ये उभी राहून मी सुरू केलं. ताई डोळे मिटून ऐकत होती. दोन ओळी नीट गेल्या. तिसऱ्या ओळीला तिचे ओठ हलले, छाती भरली, आणि तिने आपली चाल उचलली.

मी तिच्या तोंडावर हात ठेवला आणि उरलेलं कडवं एकटीने म्हटलं. तिने माझा हात काढला नाही.