खरखरीतली आई

आई गेली, तरी ती दादाशीच बोलते, याचा मला राग आहे.

दादाला आवाज ऐकू येतात. हा आजार आहे, त्यावर गोळ्या आहेत, हे मला कोणी शिकवायला नको. त्या गोळ्या रोज त्याच्या हातावर ठेवणारी मीच. त्या आवाजांत दोन पुरुष आहेत, ते त्याला घाणेरड्या शिव्या देतात. त्यांच्यापायी त्याची नकाशे काढायची नोकरी गेली, मित्र तुटले. ते दोघे वैऱ्याच्याही वाट्याला येऊ नयेत. पण तिसरा आवाज आईचा. ती त्याला म्हणते, "दमलास का रे, माझ्या राजा?"

हे त्याने सांगितलं की माझ्या पोटात दुखतं. ती अंथरुणाला खिळली तेव्हा तिला न्हाऊ घालणारी, तिच्या केसांचा गुंता सोडवणारी मी. दादा खिडकीपाशी पाठ करून बसलेला. राबायचं एकीने आणि कौतुक दुसऱ्याचं, ही आमच्या घरची रीतच. निदान गेल्यावर तरी तिने ती सोडायची होती.

रुग्णालयात या आजारावर संशोधन चाललंय. एका घरात, एका ताटात वाढलेल्या भावंडांपैकी एकाला हे होतं आणि दुसऱ्याला का होत नाही, ते त्यांना शोधायचंय. म्हणून दादाबरोबर मलाही बोलावलं. तिथली संशोधक सगळ्यांचे कानच तपासत बसते, म्हणून मी तिचं नाव मनातल्या मनात कानवाली ठेवलं. तिने आधी दादाला आत नेलं. थोड्या वेळाने आतून दादाचं हसणं ऐकू आलं. घरी हा माणूस माझ्याशी धड बोलतसुद्धा नाही.

मग माझी पाळी. कानवालीने माझ्या कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं.

"यात नुसती खरखर आहे. मध्येच कोणीतरी अगदी हळू बोलेल. ऐकू आलं की दाबा."

"कोणी बोललंच नाही, तरी ऐकू येतं का एखाद्याला?"

"येतं ना. मन ज्याची फार वाट बघतं, ते कधीकधी कानांना ऐकू येतं. दादांना किती येतं, तुम्हाला किती, तेच बघतोय."

वाट बघण्यावरच असेल, तर मी दादाला कधीच मागे टाकलंय. मी डोळे मिटले.

खरखर सुरू झाली. एक पुरुष काहीतरी पुटपुटला, मी बटण दाबलं. पुढे नुसती खरखर. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. काचा घासायचं मशीन असंच वाजतं. मी जिवाचा कान केला. आई येईना. दादाकडे न बोलावता जाते, आणि मी पगार कापून घेऊन इथे बसलेय तर हिला सवड नाही. मला इतका संताप आला की मी बटण दाबलं. परत दाबलं. दाबतच राहिले.

कानवालीने खरखर थांबवली. "या भागात आम्ही कोणाचाच आवाज घातला नव्हता," ती जपून म्हणाली. "कोण बोललं?"

"आई."

"काय म्हणाली?"

थाप मारायची तर चांगली घसघशीत मारावी. दादाचा 'राजा' उचलून त्याची 'राणी' करावी, असं मनात आलं. पण आईच्या तोंडी तो शब्द माझ्यासाठी बसेना. मग दुसरं काही गोड आठवून बघितलं. 'बाळा' आठवलं, तेही दादाचंच. कानवाली थांबली होती. काहीतरी बोलणं भाग होतं, आणि आईच्या आवाजात जे आपसूक आलं तेच मी बोलले.

"म्हणाली, दादा जेवला का?"

तिने ते टिपून घेतलं. "आणि तुम्हाला? तुम्हाला काही म्हणाली?"

"हे मलाच की," मी म्हटलं. "दादाला कशाला विचारेल ती, दादा जेवला का म्हणून?"